तक्रारी वाढल्या म्हणजे प्रकल्प फसला का?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. तीन वर्षं आम्ही १३ ते १७ वयाच्या मुलामुलींबरोबर लैंगिक आरोग्याची सत्रं घेतोय. नुसतं शरीरशास्त्र नाही. मासिक पाळी, गर्भनिरोधन, संसर्ग हे आहेच, पण त्याच्या जोडीने लिंगभावही आहे. मुलाने कसं वागायचं आणि मुलीने कसं हे कोण ठरवतं, 'नाही' कसं म्हणायचं आणि समोरच्याचं 'नाही' कसं ऐकायचं, वगैरे. सहा शाळा, बारा वर्ग, वर्गात साधारण ४० जण. आता निधी देणाऱ्यांना मूल्यमापनाचा अहवाल हवाय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

हातात आहे ती सुरुवातीला आणि शेवटी भरून घेतलेली प्रश्नावली. माहितीचे गुण छान वाढलेत, दृष्टिकोनाचेही वाढलेत. मुलांचे अभिप्राय तर इतके गोड की कागदाला मुंग्या लागतील.

अडचण पुढेच आहे. प्रत्येक शाळेत आम्ही एक प्रश्नपेटी ठेवली होती. पहिल्या वर्षी त्यात 'पिंपल्स कशाने जातात' छापाच्या चिठ्ठ्या यायच्या. तिसऱ्या वर्षी 'नको असताना हात लावतो', 'मेसेज पाठवून त्रास देतो' अशा ११ चिठ्ठ्या आल्या. शेवटच्या प्रश्नावलीतही 'गेल्या सहा महिन्यांत असा त्रास झाला का' याला 'हो' म्हणणाऱ्या मुली पहिल्यापेक्षा जास्त आहेत. वरिष्ठ म्हणतात, हा तक्ता काढून टाक, वाचणाऱ्याला वाटेल आपणच त्रास वाढवला. मला तो काढायचा नाहीये. पण ठेवायचा तर काय म्हणून ठेवायचा हेही कळत नाहीये.

ज्यांनी असं काम केलंय, मोजलंय किंवा बाकावर बसून भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

तिरपागडे
विषय पाहून जागा धरून ठेवतोय. प्रतिसादांची शंभरी नक्की.

मोजपट्टी
रानजाई, आधी एक रूक्ष प्रश्न. तुलनेसाठी वेगळा गट आहे का? म्हणजे जिथे सत्रं झालीच नाहीत अशा शाळांमधली मुलं?

रानजाई
नाही. तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं तर आलं होतं, पण 'त्या मुलांना काही द्यायचं नाही आणि नुसते फॉर्म भरून घ्यायचे' हे बरं वाटलं नाही.

मोजपट्टी
त्यावर तोडगा असतो. तुलनेच्या शाळांना वर्षभराने तीच सत्रं द्यायची. कोणीही वंचित राहत नाही, फक्त रांग लागते. असो, झालं ते झालं.

तुलना गट नसेल तर एक गोष्ट मान्य करावीच लागते. १३ वर्षांची मुलगी तीन वर्षांत १६ ची होते. तुम्ही काही केलं नसतं तरी तिची माहिती वाढली असती, आणि त्रासाचे प्रसंगही वाढले असते, कारण वयच तसं असतं. तेव्हा गुणांची वाढ पूर्णपणे प्रकल्पाच्या खात्यात टाकता येत नाही आणि तक्रारींची वाढही नाही. वरिष्ठांना एवढंच विचारा, की गुण वाढले ते आपल्यामुळे आणि तक्रारी वाढल्या त्या वयामुळे, असं दोन्ही बाजूंनी सोयीचं कसं चालेल?

दुसरं, ४८० जण हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी होत जातात, त्यांना शिकवणारी ताईही एकच. याला समूहाचा परिणाम म्हणतात. वर्गातल्या मुलांमधलं साम्य दाखवणारा गुणांक ०.०५ धरला तर सूत्र असं: १ + (४० − १) × ०.०५ = २.९५. म्हणजे ४८० ला २.९५ ने भागा. तुमच्याकडे सुटी निवडलेली १६३ मुलं असती तर जेवढी माहिती मिळाली असती, तेवढीच या ४८० मधून मिळतेय. अहवालात प्रत्येक मुलाला स्वतंत्र मोजून टक्केवारीपुढे दोन दशांश स्थळं लिहू नका, एवढी विनंती.

तिरपागडे
४८० चे १६३? ३१७ पोरं एका सूत्रात पळवली राव तुम्ही. पालकसभेत तोंड कसं दाखवायचं?

गोगलगाय
मी २६ वर्षं शिक्षिका होते. असे बरेच प्रकल्प माझ्या वर्गातून गेले. काही फार चांगले होते, नाव न घेता सांगते. पण त्या शेवटच्या फॉर्मवर माझा काडीचाही विश्वास नाही.

मुलांना परीक्षा कळते हो. सत्र घेणारी ताई समोर उभी, तिनेच फॉर्म वाटलेले, आणि प्रश्न काय, तर 'बायकोला मारणं कधीकधी योग्य असतं: सहमत की असहमत'. तीन वर्षं ताईने जे सांगितलं तेच मुलं लिहिणार. हा दृष्टिकोनातला बदल नाही, ते ताईचं मन राखतायत. माझ्या वर्गातला एक मुलगा सगळ्या प्रश्नांना 'पूर्णतः असहमत' लिहून बाहेर आला आणि पहिल्या वळणावर बहिणीच्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, 'दप्तर धर'.

तेव्हा रानजाई, तुझ्या सगळ्या कागदांमध्ये मला खरा वाटणारा कागद म्हणजे त्या ११ चिठ्ठ्या. कारण त्या लिहून कोणालाच गुण मिळणार नव्हते.

रानजाई
गोगलगाय ताई, फॉर्म खरंच आमच्याच ताईंनी वाटले होते. आता लाज वाटतेय.

चतकोर
भाषेचाही घोळ असतो त्यात. मी अशा प्रश्नावलींची भाषांतरं केली आहेत, ऐका.

'जेंडर इक्वॅलिटी'चं कोणीतरी 'लिंग समानता' केलं. पहिल्याच वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'सगळ्यांचं सारखं कसं असेल?' पुढची दहा मिनिटं गेली. तेव्हापासून मी 'लिंगभाव' शब्दासाठी भांडते.

मग ही विधानं. 'पुरुषांनी घरकाम करू नये असे मला वाटत नाही. सहमत / असहमत.' मी स्वतः तीनदा वाचलं. नकाराला नकार लावून वर 'असहमत' विचारलं की पोरगं समतावादी आहे की फक्त दमलंय हे देवालाही कळणार नाही.

सर्वांत भारी म्हणजे 'तुमचे कोणाशी संबंध आहेत का?' एका मुलाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'हो, सगळ्यांशी चांगले आहेत. फक्त काकांशी बिघडलेत.'

तिरपागडे
काकांचं काय झालं पुढे?

चतकोर
काका विश्लेषणातून वगळले.

शंकासुर
इथे सगळे एकाच बाजूचे दिसतायत म्हणून लिहितो. मुळात अशा प्रकल्पांची गरज काय? मुलांच्या डोक्यात नसलेल्या गोष्टी घालायच्या आणि मग तक्रारी वाढल्या की 'यश' म्हणायचं. तक्रारी कमी झाल्या असत्या तरी यशच म्हटलं असतं ना? छापा तर मी जिंकलो, काटा तर तू हरलास. वर, हे करून मुलं लवकर त्या वाटेला लागतात ते वेगळंच.

नाडीपरीक्षा
शंकासुर, तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर सोपं आहे. लैंगिकता शिक्षणावर युनेस्कोची जी मार्गदर्शिका आहे (पहिली २००९ ची, सुधारित २०१८ ची), तिच्यासाठी देशोदेशीच्या मूल्यमापनांचा आढावा घेतला होता. असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर किंवा जास्त लैंगिक संबंध ठेवायला लागतात असं त्यात आढळलं नाही.

मधलं वाक्य मात्र बिनतोड आहे. 'काहीही निघालं तरी यश' असेल तर ते मूल्यमापनच नव्हे. तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या ५७ शाळांमध्ये १३ ते १५ वयाच्या मुलींना रडणारी, दूध मागणारी यांत्रिक बाळं सांभाळायला द्यायचे. हेतू असा, की बाळ सांभाळणं किती अवघड आहे हे कळलं की लहान वयात गरोदर राहणं टळेल. ऐकायला किती पटण्यासारखं आहे! मग त्या मुलींची २० वर्षं वयापर्यंतची दवाखान्याची नोंद तपासली. ज्यांना बाळं दिली त्यांच्यात ८ टक्के मुलींना मूल झालं होतं, ज्यांना दिली नव्हती त्यांच्यात ४ टक्के. गर्भपात ९ टक्के आणि ६ टक्के. २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं हे. तुलना गट नसता आणि नुसते अभिप्राय गोळा केले असते तर कोणाला पत्ता लागला असता? त्यामुळे मोजपट्टींना कोणी रूक्ष म्हणू नका.

मोजपट्टी
रूक्ष मीच म्हटलं होतं स्वतःला. पण धन्यवाद.

शंकासुर
माझ्या बाजूने पुरावा देणारा पहिलाच विरोधक भेटला. चहा माझ्याकडून.

नाडीपरीक्षा
चहा घेईन, पण अजून बोलायचंय. मी लैंगिक संसर्गांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे माझा कल 'शरीरात काय दिसलं' याकडे असतो. माहिती वाढणं आणि संसर्ग कमी होणं यात फार मोठं अंतर आहे. टांझानियात म्वांझा भागात 'मेमा क्वा विजाना' नावाचा प्रकल्प झाला, २० वस्त्यांमध्ये, १९९९ पासून. चांगली आखणी, शाळांमधून सत्रं, दवाखान्यांची जोड, सगळं. पुढे २००७-०८ मध्ये पुन्हा तपासलं तेव्हा माहिती वाढलेली होती, पण एचआयव्ही आणि जननांगांची नागीण (हर्पिस, एचएसव्ही-२) यांच्या प्रमाणात फरक नव्हता. पोरांना सगळं ठाऊक होतं, पण ते वापरायची सोय त्यांच्या हातात नव्हती. वयाने मोठ्या, पैसे देणाऱ्या पुरुषाला सोळा वर्षांची मुलगी 'कंडोम लाव' कशी सांगणार? 'माहीत होतं का' या प्रश्नाच्या पलीकडची गोष्ट आहे ती.

म्हणून लिंगभाव आणि सत्ता यांचा भाग महत्त्वाचा. निकोल हॅबरलँड यांनी २०१५ मध्ये २२ मूल्यमापनांचा आढावा घेतला. सगळी अशी निवडली होती ज्यांत गर्भधारणा किंवा संसर्ग प्रत्यक्ष मोजले होते. ज्या १० कार्यक्रमांत लिंगभाव किंवा सत्तेवर बोललं गेलं त्यांतल्या ८ मध्ये फरक पडला. उरलेल्या १२ मध्ये फक्त २.

मोजपट्टी
आकडे बरोबर आहेत, पण थोडा ब्रेक लावतो. जे लोक लिंगभावाचा विचार करून अभ्यासक्रम बनवतात ते बाकीची तयारीही बहुधा नीट करतात. चांगल्या ताया, जास्त तास, पालकांशी बोलणं. मग फरक नक्की कशाने पडला? २२ मधून तेवढं सांगता येत नाही. दिशा दाखवतात, निकाल नाही.

नाडीपरीक्षा
मान्य. पण १० पैकी ८ आणि १२ पैकी २ बघून मी तरी लिंगभावाचं सत्र वेळेअभावी गाळणार नाही.

गोगलगाय
गाळतातच! नेमकं तेच गाळतात. पुस्तिकेत १८ सत्रं असली की पाळीचं, स्वच्छतेचं, रक्तक्षयाचं सगळं होतं. संमती आणि हस्तमैथुन आलं की सरांना अचानक स्नेहसंमेलनाची तयारी आठवते. रानजाई, प्रत्येक वर्गात प्रत्यक्षात किती आणि कोणती सत्रं झाली याची नोंद आहे का? नसेल तर कशाचं मूल्यमापन करतेयस तू, छापलेल्या पुस्तिकेचं?

रानजाई
नोंद आहे. आणि तुम्ही म्हणता तसंच आहे. बारापैकी चार वर्गांत संमतीचं सत्र 'पुढच्या वेळी' असं लिहून राहून गेलंय.

मोजपट्टी
अरे वा, मग तुमच्याकडे आयता एक धागा आहे (हा नव्हे). संमतीचं सत्र झालेले आठ वर्ग आणि न झालेले चार वर्ग वेगळे काढून बघा. ते वर्ग सोडत काढून निवडलेले नाहीत, तेव्हा पुरावा म्हणून कच्चाच. पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

बाकावरचा
पहिलाच प्रतिसाद आहे, चुकलंमाकलं माफ करा. 'बाकावर बसून भोगलंय' वाचलं आणि राहवलं नाही. मी अशा प्रकल्पात विद्यार्थी होतो, नववीत.

खरं सांगायचं तर पहिली सात-आठ सत्रं आम्हा मुलांना वाटायचं की आपल्याला रागावायला बोलावलंय. पुरुष असं करतात, मुलगे तसं करतात. आम्ही चौदा वर्षांचे. माझ्या आवाजाचं काय चाललंय ते मला कळत नव्हतं, आणि रात्री जे होतं तो आजार आहे का, असं विचारायला कोणी नव्हतं. ते कोणी बोललंच नाही. मग आम्ही काय केलं, तर मागे बसून हसलो. फॉर्ममध्ये बरोबर उत्तरं लिहिली, कारण बरोबर काय ते कळत होतं.

फरक पडला तो एका दिवशी. नेहमीची ताई आली नाही, एक दादा आला. त्याने आधी स्वतःचं सांगितलं, की नववीत असताना मित्रांनी डिवचलं म्हणून तो एका मुलीच्या मागे कसा फिरला, तिने शाळेला यायचा रस्ता बदलला आणि ते त्याला तब्बल सहा वर्षांनी कळलं. वर्गात कोणी हसलं नाही. मी त्या आठवड्यात कोणाच्या तरी मागे फिरत होतो. फिरणं बंद केलं.

माझ्या फॉर्मवर याची खूण कुठेच नाही. दृष्टिकोनाचे माझे गुण आधीपासून पैकीच्या पैकी होते.

चतकोर
बाकावरचा, असे पहिले प्रतिसाद येत असतील तर रोज येऊ देत.

गोगलगाय
वाचून थांबले जरा. बाळा, नियमित लिहीत जा.

मोजपट्टी
'गुण आधीपासून पैकीच्या पैकी' याला आमच्याकडे छताला डोकं लागणं म्हणतात. सुरुवातीलाच बहुतेकांचे गुण वर असतील तर वाढायला जागाच राहत नाही. ब्राझीलमधल्या तरुण पुरुषांसाठी तयार झालेली २४ विधानांची 'जेम' नावाची मोजपट्टी (माझा संबंध नाही) २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. चांगलीच आहे. पण ती दृष्टिकोन मोजते. बाकावरच्याने मागे फिरणं बंद केलं ते मोजायला दुसरं काहीतरी हवं.

शंकासुर
म्हणजे मोजता येत नाही असंच ना?

चतकोर
येतं की. 'सर्वांत महत्त्वाचा बदल' नावाची पद्धत आहे. रिक डेव्हिस यांनी नव्वदच्या दशकात बांगलादेशातल्या कामासाठी बसवली. आधीपासून ठरवलेला निकष नसतो. लोकांना विचारायचं, की गेल्या काही महिन्यांतला तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल कोणता, आणि का? मग त्या गोष्टी एकत्र बसून वाचायच्या, त्यातली एक निवडायची आणि *का निवडली* ते लिहून ठेवायचं. वाद होतात ते खरं सोनं. पण वाईट बदलही मुद्दाम विचारायचे, नाहीतर तोही नुसता हारतुऱ्यांचा कार्यक्रम होतो.

तिरपागडे
अवांतर: आमच्या ऑफिसातल्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन = 'जेवण कसं होतं?' या प्रश्नाला आलेले गुण.

नाडीपरीक्षा
तिरपागडे, अवांतर नाही ते. निम्म्या अहवालांत तेवढंच असतं.

आता मूळ प्रश्न, तक्रारी. मघाशी शंकासुर म्हणाले की दोन्हीकडून यशच म्हणणार. तर दक्षिण आफ्रिकेतला 'स्टेपिंग स्टोन्स'चा अभ्यास बघा. ईस्टर्न केपमधली ७० गावं, १५ ते २६ वयाचे तरुण. निम्म्यांना सुमारे ५० तासांचा कार्यक्रम, बाकीच्यांना तीन तासांचं एक सत्र. २००८ मध्ये निष्कर्ष आले. नागिणीचे नवे संसर्ग साधारण ३३ टक्क्यांनी कमी, एचआयव्हीत मात्र खात्रीने सांगण्यासारखा फरक नाही. जोडीदाराला मारहाण केल्याचं सांगणाऱ्या पुरुषांचं प्रमाण दोन वर्षांपर्यंत कमी दिसलं. आणि बायकांमध्ये? त्यांनी सांगितलेल्या वागण्यात अपेक्षित बदल नव्हतेच, उलट पैशा-वस्तूंच्या बदल्यात संबंध ठेवल्याचं सांगणाऱ्या बायका बारा महिन्यांनी *जास्त* होत्या. संशोधकांनी तो आकडा लपवला नाही. सारांशातच लिहिला. वरिष्ठांना हे दाखवा.

मोजपट्टी
आणि तो आकडा वाढला म्हणजे प्रत्यक्षात वाढला, की बायका मोकळेपणाने बोलू लागल्या, हे एका प्रश्नावलीतून कळत नाही. इथेच रानजाईंचं घोडं अडलंय.

विचारायच्या पद्धतीने किती फरक पडतो त्याचं एक उदाहरण. अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलग्यांना दोन प्रकारे तेच प्रश्न विचारले. एका गटाने कागदावर उत्तरं लिहिली, दुसऱ्याने हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर बटण दाबलं. पुरुषाशी लैंगिक संबंध आल्याचं कागदावर १.५ टक्के मुलांनी सांगितलं, संगणकावर ५.५ टक्क्यांनी. १९९८ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास. कार्यक्रम वगैरे काही नव्हता मध्ये, फक्त एकांत वाढला.

तुमच्याकडे एकांतही वाढला असेल, विश्वासही, आणि शब्दही मिळाले असतील. पहिल्या वर्षी ज्या मुलीला 'त्रास' म्हणजे फक्त बलात्कार वाटत होता, तिला तिसऱ्या वर्षी बसमधला हातही त्रासात मोडतो हे कळलं. तिची फूटपट्टीच बदलली. म्हणून पुढच्या वेळी 'त्रास झाला का' असं विचारूच नका. घटना विचारा: नको असताना कोणी अंगाला हात लावला का? फोटो मागितला का? वाट अडवली का? शब्दाचा अर्थ बदलला तरी घटना बदलत नाही. आणि जोडीला विचारा, 'कोणाला सांगितलंस का?' घटना तेवढ्याच आणि सांगणाऱ्या जास्त, असं निघालं तर तुमचं काम दिसतं. तुलनेच्या शाळांपेक्षा घटनाच जास्त वाढल्या असतील तर खरंच काहीतरी बिघडलंय. शंकासुर, आता छापा-काटा आधी ठरला. चालेल?

शंकासुर
चालेल. हे आधीच लिहिलं असतं तर मी एवढा तावातावाने आलोच नसतो. (आलो असतो.)

उंबरठा
मी मुलांच्या मदतवाहिनीवर काम केलंय. इतका वेळ सगळे त्या ११ चिठ्ठ्या *मोजतायत*. मी वर परत जाऊन वाचलं, मला सापडलं नाही म्हणून विचारते. रानजाई, त्या ११ चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं?

रानजाई
…पेटी महिनाअखेरीला उघडायचो. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. आम्ही पुढच्या सत्रात सगळ्या वर्गाला मदतीचे नंबर पुन्हा सांगितले.

उंबरठा
म्हणजे महिन्याच्या दोन तारखेला एखाद्या मुलीने 'तो आज पण येणार आहे' असं लिहिलं असेल, तर ती चिठ्ठी चार आठवडे पेटीत होती.

टोचण्यासाठी म्हणत नाहीये. मी जिथे होते तिथेही असंच चालायचं, एका मुलीने विचारेपर्यंत. पण तक्ता ठेवायचा की काढायचा यापेक्षा हे मोठं आहे. तुम्ही तीन वर्षं मुलींना सांगितलंत की सांगा. त्यांनी सांगितलं. आता मूल्यमापन त्यांनी सांगितलं त्याचं कसं करता? मोजायचं असेल तर तुमचंच मोजा. चिठ्ठी टाकल्यापासून कोणीतरी वाचेपर्यंत किती दिवस? वाचल्यावर कोणी काय केलं? शाळेने ऐकलं, की मुलीलाच वर्ग बदलायला लावला?

आणि एक. ज्या गोष्टी कायद्याने कळवाव्याच लागतात, त्या कळवाव्या लागतील हे पेटीवरच लिहा. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊन नंतर मोडलं तर ती मुलगी आयुष्यात पुन्हा कोणाला सांगणार नाही. प्रश्नावलीचंही तेच. मदतीची व्यवस्था उभी नसेल तर असे प्रश्न विचारूच नयेत. पालकांची संमती घेतली, मुलांची वेगळी घेतली का? 'उत्तर द्यायचं नसेल तर सोडून दे' हे त्यांना खरंच ऐकू गेलं होतं का?

गोगलगाय
उंबरठा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आणि शाळेबद्दलही खरं बोललात. माझ्याच शाळेत एकदा मुलीलाच दुसऱ्या तुकडीत टाकलं होतं. मी त्या बैठकीत होते. गप्प बसले होते.

तिरपागडे
आज विनोद नाही.

रानजाई
दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा. आधी शाळांमध्ये जाऊन आले. सध्या एवढंच.

सुपारीएवढा
धागा चांगला चाललाय पण कोणीतरी हे पण सांगा की मुलांना पॉर्न कधी, कसं समजावायचं? माझा मुलगा १२ वर्षांचा आहे.

चतकोर
वेगळा धागा काढा सुपारीएवढा, तिथे येतो सगळे. इथे एवढंच सांगते, तुम्ही विचार करताय त्याच्या आधी.

रानजाई
(दीड महिन्याने धागा वर काढतेय.)

अहवाल गेला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे हात त्याला लागलेत म्हणून सांगते.

तक्ता ठेवला. त्याच्या आधी स्पष्ट लिहिलं, की तुलना गट नाही, मुलं तीन वर्षांनी मोठी झाली, फॉर्म आमच्याच ताईंनी वाटले, म्हणून दृष्टिकोनाच्या गुणांवर भार टाकू नये. दशांश स्थळं काढली. संमतीचं सत्र झालेले आठ वर्ग आणि राहिलेले चार वेगळे दाखवले. ११ पैकी ९ चिठ्ठ्या त्या आठ वर्गांच्या शाळांमधल्या निघाल्या. पण मोजपट्टी, आठ आणि चार हे मुळातच दुप्पट आहेत, आणि काही शाळांत दोन्ही प्रकारचे वर्ग आहेत, हे तळटीपेत लिहिलंय. ओरडू नका.

मुलांशी पुन्हा बोललो, या वेळी बाहेरच्या एक ताई आणि एक दादा घेऊन. मुलींमध्ये 'आधी पण व्हायचं, सांगायचं असतं हे माहीत नव्हतं' असं बऱ्याच जणी म्हणाल्या. पण सगळ्या नाही. दोघी म्हणाल्या की सत्रांनंतर काही मुलं मुद्दाम जास्त चिडवायला लागली, 'आता कर तक्रार' म्हणून. तेही अहवालात आहे. वरिष्ठांशी त्यावरून तासभर वाजलं. शेवटी राहिलं.

बाकावरचा, तुमचा प्रतिसाद आमच्या टीमच्या बैठकीत वाचून दाखवला. मुलांची पहिली चार सत्रं बदलतोय. सुरुवात त्यांच्या शरीरापासून.

उंबरठा, तुमच्या प्रश्नाला अहवालात स्वतंत्र प्रकरण आहे. सरासरी किती दिवस लागले ते लिहिलंय, आकडा इथे टाकवत नाही. पेटी आता रोज शाळा सुटताना उघडते. दोघींकडे किल्ली आहे, त्यातली एक शाळेची नाही. पेटीवर काय गुप्त राहील आणि काय कळवावं लागेल ते लिहिलंय.

उंबरठा
रोज उघडायला लागल्यावर चिठ्ठ्या वाढल्या की कमी झाल्या?

रानजाई
पहिल्या आठवड्यात एकच होती. 'खरंच रोज उघडता का, आज मंगळवार आहे.'

शंकासुर
मग?

रानजाई
बुधवारी फळ्यावर लिहून आलो: 'मंगळवारची मिळाली.'

मोजपट्टी
तारीख आणि वेळ टाकून वही ठेवताय ना? पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर आठवून लिहू नका. आणि पुढच्या टप्प्यासाठी तुलनेच्या शाळा आत्ताच निवडायला घ्या, मी व्यक्तिगत निरोप करतो.

तिरपागडे
शंभरी हुकली. पण त्या काकांचं अजून कळलं नाही.